सोळा ठिपक्यांची आजी

गेली बावीस वर्षे मी टाचण काढीत आले आहे. एक तांब्या, त्याच्या शेजारी दोन वांगी आणि मागे घडी मोडलेला पंचा, एवढे स्थिरचित्र मुलांपुढे मांडायचे असले तरी आधी वहीत लिहावे लागते: घटक अमुक, उद्दिष्ट तमुक, साहित्य हे. वांगी संध्याकाळी घरी नेता येतात. टाचण मात्र तपासणीसाठी जपून ठेवावे लागते. यंदा गणपती गेल्यावर मी अशीच टाचणवही उघडली, ‘उपक्रमाचे नाव’ या शब्दांपुढे ‘व्हिडिओ गेममधील पात्र तयार करणे, इयत्ता नववी’ असे ठळक अक्षरांत लिहिले आणि पेन खाली ठेवले. पुढे काय लिहायचे ते मला माहीत नव्हते.

माझ्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मी महाडची. नोकरी पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेत, चित्रकला शिकवण्याची. सकाळच्या एस.टी.ने अठरावीस किलोमीटर जायचे आणि संध्याकाळी तेवढेच परत यायचे. वाटेत सावित्री कुठे जवळ येते, कुठे झाडीआड होते. शिक्षण मॅट्रिक. दहावीला आमच्या घरात शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत. त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली, ती या नोकरीपुरती. नावावर दोन कादंबऱ्या आहेत, पण त्या कुणी शिक्षणात धरीत नाही. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत पदव्यांच्या गोष्टी निघाल्या की मी खिडकीबाहेर बघते. बाहेर डोंगर आहेत, तेव्हा बघण्याची सोय चांगली आहे.

व्हिडिओ गेम मी जन्मात खेळलेले नाही. हा उपक्रम सुचला तो एका जप्त झालेल्या वहीमुळे. मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा आहे. डोंगरातल्या वाडीतून चालत येतो. त्याचा तांब्या नेहमी एका बाजूने पोचा आलेला, आणि सावली तर तो काढीतच नसे. एक दिवस इतिहासाच्या गुरुजींनी त्याची वही माझ्या टेबलावर आणून आपटली. “बघा, तुमची चित्रकला!” मी ती मागून उघडली. पंचवीसएक पाने भरली होती. शिरस्त्राण घातलेला एक सैनिक: पुढून, बाजूने, पाठमोरा, गुडघा टेकलेला, उडी मारताना. बुटाच्या तळव्यावरची नक्षीसुद्धा सोडलेली नव्हती. आणि बुटाखाली सावली होती, अगदी जिथे पडायला हवी तिथे. वर्षभर ज्या सावलीसाठी मी त्याच्या मागे लागले होते, ती इतिहासाच्या वहीत पडलेली होती. मी वही परत दिली आणि मुख्याध्यापकांकडे जाऊन उपक्रमाची परवानगी मागितली. त्यांनी दिली. “टाचण तेवढं नीट काढा,” म्हणाले.

पहिला प्रयोग साधा केला. ‘तुमच्या खेळाचा नायक काढा’ म्हटले. अडतीस मुलांनी अडतीस कागद दिले, त्यांतले एकतीस एकाच माणसाचे होते. खांदे दाराएवढे, कंबर मुठीएवढी, दोन्ही हातांत बंदुका. मी म्हटले, “हा गृहस्थ पोलादपूरच्या बाजारात दिसला तर लोक त्याला सरळ पोलिसांत नेतील. आपल्याकडचा कुणी काढा की! उमरठ काय लांब आहे?” उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव, आमच्याच तालुक्यातले. दुसऱ्या दिवशी एकतीस तानाजी आले. २०२० साली त्यांच्यावर सिनेमा निघाला होता. मिशा त्यातल्या नटाच्या होत्या. खांदे तेच, कंबर तीच. बंदुका काढून तलवार आणि ढाल दिली होती, एवढेच. १६७० साली रात्रीच्या अंधारात कोंढाण्याचा कडा चढताना त्या माणसाला धाप लागली असेल, हात सोलवटले असतील, हे एकाही कागदावर नव्हते.

मला हसू आले, पण ते फार टिकले नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीचा नायक असाच आहे. आमच्या एस.टी.च्या कंडक्टरने ती वाचायला नेली होती. परत देताना तो म्हणाला, “बाई, चांगलं आहे पुस्तक. पण तुमच्या माणसाला कधी सुट्ट्या पैशांची अडचण येत नाही.” याहून नेमके परीक्षण त्या कादंबरीच्या वाट्याला आलेले नाही.

शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो याच धंद्यात आहे. “मावशी, तू आणि गेम?” असे म्हणून तो पोटभर हसला, आणि मग तासभर बोलत राहिला. त्याने सांगितलेली पहिली गोष्ट मारिओची. १९८१ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीतला शिगेरू मियामोतो नावाचा तरुण ‘डाँकी काँग’ हा खेळ रचीत होता. यंत्र बेताचे, माणूस काढायला जागा मिळे ती सोळा ठिपके आडवी आणि सोळा उभी. एवढ्यात तोंड काही दिसेना, म्हणून नाकाखाली मिशी दिली. केस दाखवणे कठीण, म्हणून डोक्यावर टोपी आली. धावताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून सदऱ्याचा रंग एक आणि वरच्या विजारीचा दुसरा ठेवला. मिशी, टोपी, विजार, जे पाहून जगातले पोर त्याला ओळखते, ते सगळे अडचणीतून आलेले आहे. यंत्र सबळ असते तर तो कुणीही झाला असता.

फोन ठेवून मी समोरच्या भिंतीकडे पाहिले. तिथे पूर्वी आईने भरलेला राघू होता. दोसुतीच्या कापडावर घरे मोजून घातलेल्या फुल्याफुल्यांचा, काचेच्या चौकटीत बसवलेला. चोच म्हणजे तीन लाल फुल्या, डोळा म्हणजे एक काळी. लहानपणी मला वाटे, तो डोळा मिचकावतो. आता तिथे नुसता खिळा आहे. त्याचे पुढे सांगते. पण तेव्हा ध्यानात आले ते असे की, मियामोतोचे काम आमच्याकडच्या बायकांना काही नवे नाही. दिवाळीत दारापुढे ठिपके मोजून रांगोळी घालणारी प्रत्येक बाई ते करते. ठिपके ठरलेले, मोर त्यातच बसवायचा. बसत नसेल तर पिसारा आखूड करायचा, मोर सोडायचा नाही.

भाच्याने दुसरी गोष्ट सांगितली ती भुतांची. १९८० साली तोरू इवातानी याने ‘पॅकमॅन’ हा खेळ रचला. एक पिवळे तोंड चक्रव्यूहात ठिपके खात फिरते आणि चार भुते त्याच्या मागे लागतात. चारही भुते आकाराने सारखी, रंग तेवढे निराळे. पण लाल भूत सरळ पाठलाग करते. गुलाबी भूत आपण पुढे कुठे जाणार ते ताडून तिथली वाट अडवायला जाते. निळसर भुताची चाल लाल भूत कुठे आहे त्यावर ठरते. आणि नारिंगी भूत लांबून धावत येते, पण अगदी जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. नाक नाही, तोंड नाही, खांदे नाहीत. तरी चौघे चार स्वभावांचे. मी दोनशे पानांत जे करू पाहते, ते त्याने चार वळणांत केले होते. अडचणीच्या वेळी जो ज्या वाटेने वळतो, तो त्याचा स्वभाव.

तिसरी गोष्ट त्याने सांगितली, पण ती मला आधीच माहीत होती. “मावशी, पात्र काढून झालं की ते सगळं काळं करून बघायचं. नुसत्या काळ्या आकृतीवरून ओळखू आलं तर पास.” आम्ही एकदा सहल घेऊन कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो होतो. तिथले ठाकर कलावंत चामड्याच्या छायाबाहुल्या नाचवतात. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पडद्यावर राक्षसाची नुसती कड उमटली आणि आमची सहावीतली पोरे एकमेकांना बिलगली. त्याला डोळे आहेत की नाहीत हे कुणी पाहिले नाही. भाचा म्हणाला, पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ या २०२० सालच्या खेळातही कथेचे काही भाग असे छायाबाहुल्यांसारखेच दाखवले आहेत. त्याची नायिका सर्कशीत कसरती करणारी मुलगी. धाकट्या भावाला राक्षसांनी पळवले म्हणून त्याच्या शोधात निघते. तिच्या उड्या त्या पोट भरण्याच्या कामातूनच आलेल्या आहेत.

मग टाचण भराभर लिहून झाले. पहिला आठवडा: घरातले किंवा गावातले एक माणूस निवडावे, त्याला काय येते हे एका ओळीत लिहावे, काय येत नाही हे दहा ओळींत. दुसरा आठवडा: त्याची काळी आकृती, वर्गाने ओळखली पाहिजे. तिसरा: आलेख कागदावर सोळा ते सोळा चौकोन, रंग चारच. चौथा: चालण्याची चार चित्रे, आणि एक नुसते उभे असतानाचे. हे शेवटचे भाच्याने आग्रहाने घालायला लावले. १९९१ सालचा सॉनिक नावाचा काटेरी प्राणी आहे; खेळणाऱ्याने त्याला हलवले नाही की तो उभ्या उभ्या पाय आपटू लागतो. काही करीत नसताना माणूस काय करतो, ते ठाऊक असावे लागते. पाचवा आठवडा संगणकाच्या खोलीत. तिथे स्क्रॅच नावाची, २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने काढलेली, मुलांसाठी फुकट असलेली प्रणाली चालते; आपण काढलेले चित्र तिच्यात घालून हलवता येते.

वर्गावर नेण्याआधी हे सगळे सहा मुलांवर करून बघावे असे ठरवले. चार मुली, दोन मुलगे. त्यांत तो बुटाच्या सावलीचा मुलगा होताच. शाळा सुटल्यावर आम्ही चित्रकलेच्या खोलीत बसत असू. सावित्रीकाठच्या गावातली एक मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, “बाई, माझी आजी चालेल?”

“काय करते ती?”

“पाणी यायला लागलं की सामान माळ्यावर नेते.”

आमच्या भागात याचा अर्थ विचारावा लागत नाही. आजीला काय येत नाही, याच्या दहा ओळी तिने तिथेच सांगितल्या. दोन हातांत दोनच वस्तू मावतात. गुडघे दुखतात, म्हणून तिसऱ्या पायरीवर थांबावे लागते. शिलाईचे यंत्र एकटीला उचलत नाही. शेळीचे करडू नेले तर दुसऱ्या हातात काही घेता येत नाही, कारण ते लाथा मारते. देव मात्र पदरात येतात. मी बघतच राहिले. खेळ तयार होता. पाणी पायरी पायरीने चढते. खेळणाऱ्याने ठरवायचे, आजीने या खेपेला काय उचलावे.

“मग दुश्मन कोण?” दुसऱ्या मुलाने विचारले. त्याचे म्हणणे, सावित्रीला राक्षसीण करावी, दात काढावेत. पुलाची आठवण त्यानेच काढली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना पूल पुरात गेला आणि त्याबरोबर माणसांसकट दोन एस.टी. गाड्या गेल्या. आमची गाडी रोज तिथल्या नव्या पुलावरून जाते, आणि इतकी वर्षे झाली तरी त्या तेवढ्या अंतरात गाडीतले बोलणे कमी होते. मला वाटले, मुलगा बरोबर बोलतो आहे. पण आजीवाली मुलगी म्हणाली, “नदी काय वैर धरून येत नाय. वर पाऊस पडला की तिलापण जागा पायजे.” नदीला डोळे काढायचे नाहीत, असे ठरले. गढूळ चौकोनांची नुसती एक रांग, वर सरकणारी.

खरी अडचण त्यानंतर आली. आजीला जीव किती द्यायचे? खेळांत तीन देण्याची पद्धत आहे. मुले त्याला ‘लाइफ’ म्हणतात. मी वहीत तीन लिहिलेही. तेव्हा इतका वेळ गप्प असलेला बुटाच्या सावलीचा मुलगा म्हणाला, “एकच ठेवा, बाई.”

“का रे?”

“एकच असतंय.”

त्याने ते दुकानात वस्तूचा भाव सांगावा तसे सांगितले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही त्याच दिवशी डोंगर खाली आला. या मुलाचे आजोळ कुठले, ते मी इथे लिहीत नाही. तेव्हा तो अगदी लहान होता.

मुलगी म्हणाली, “मग आजी मेली की खेळ संपला? मी नाय खेळणार.” तिची आजी घरी होती, शाळा सुटल्यावर नातीची वाट बघत ओटीवर बसणारी. दोघेही माझ्याकडे बघू लागले. कादंबरीत मी माणसे मारलेली आहेत. एकदा तर शेवटचे प्रकरण जमेना म्हणून एक म्हातारा मारला आणि निर्धास्त झोपले. पण त्या दोघांच्या मध्ये बसून मला एक आकडा लिहिता येईना. “उद्या बघू,” म्हटले आणि शेवटची एस.टी. पकडली.

त्या २२ जुलैला महाडात मी काय केले, ते आता सांगते. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, आणि सावित्रीचा उगम तिथलाच. पाणी आमच्या आळीत आले, तेव्हा मी एकटी होते. माळ्यावर शेगडी नेली, तांदूळ नेले, मुलांच्या जुन्या चित्रांचा गठ्ठा नेला. मग दोन्ही हात जोडून उचलले ते माझ्या दुसऱ्या कादंबरीचे हस्तलिखित. राघूकडे पाहिले आणि म्हटले, तू उंच आहेस, तिथवर काय पाणी येते! पाणी त्याच्याही वर गेले. सुट्ट्या पैशांची कधी अडचण न येणारा तो माणूस मी कोरडा ठेवला, आणि आईच्या हातची फुली न् फुली खाली सोडली. चार दिवसांनी चिखल उपसला तेव्हा भिंतीवर खिळा तेवढा होता. तो मी काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे सहाही मुलांना सांगितले. बावीस वर्षांत मुलांना असे काही सांगितले नव्हते. त्या मुलाने विचारले, “खिळा अजून हाय?”

“आहे.”

“मग तसंच करू. आजी मरत नाय. पण जे खाली राहिलं ते गेलं. खेळ परत चालू केला तरी नाय. त्याची जागा मोकळी दिसली पायजे.”

रात्री भाच्याला विचारले. तो म्हणाला, होईल. खेळ नव्याने सुरू होताना आकडे पुसण्याची पायरी असते, ती वस्तूंच्या बाबतीत घालायची नाही. एवढे म्हणून तो थोडा वेळ गप्प राहिला. “कुणी सुचवलं?” त्याने विचारले. मी म्हटले, नववीतल्या मुलाने.

आजीवाली मुलगी खूश झाली. “म्हणजे आजी राहील ना?” तिने पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मुलाने मान हलवली. मग म्हणाला, “ह्या खेळात राहू दे. मी माझं वेगळं काढीन.”

“काय काढशील?”

“अजून ठरलं नाय.”

मी त्याला आणखी काही विचारले नाही. एक कोरा आलेख कागद दिला. तो त्याने दप्तरात ठेवला, इतिहासाच्या वहीत, सरळ घालून.

दिवाळीच्या सुट्टीनंतर उपक्रम सुरू होईल. टाचण पूर्ण झाले आहे; फक्त ‘अध्ययन निष्पत्ती’ हा रकाना राहिला आहे. त्यात ‘विद्यार्थी चार रंगांत पात्र रेखाटतो’ असे लिहिले म्हणजे तपासणी पार पडेल, आणि मी ते लिहीन. मुलांनी काय शिकावे ते मला धड सांगता येत नाही. मी काय शिकले ते येते. माणसाला काय येते यावरून तो कळत नाही. दोनच हात असताना तो काय उचलतो, काय ठेवतो, आणि ठेवलेल्याची जागा किती दिवस मोकळी राखतो, यावरून कळतो. हे मला मॅट्रिकच्या पुढे शिकले असते तर लवकर कळले असते का, कोण जाणे. तिसऱ्या कादंबरीला अजून हात घातलेला नाही, पण तिच्यातल्या माणसाला सुट्टे पैसे मिळणार नाहीत, एवढे नक्की.

परवा महाडच्या बाजारात आलेख कागदाचे शंभर ताव घ्यायला गेले. दुकानदार ओळखीचे आहेत. “बाई, यंदा गणित घेतलंत वाटतं?”

“नाही हो, माणसं काढायचीत.”

“एवढ्याशा चौकोनांत?” म्हणून ते हसले. त्यांच्या दुकानात २०२१ पासून कागद वरच्या फळ्यांवर असतो. खालच्या दोन फळ्यांवर प्लॅस्टिकच्या बादल्या आणि टोपल्या. ते घडीची शिडी लावून वर चढू लागले. दुसऱ्या पायरीवर थांबले, उजवा हात गुडघ्यावर दाबला, फळीकडे पाहून घेतले, आणि मग वर गेले.

मी ते नीट पाहून ठेवले. दुसऱ्या आठवड्याला, काळ्या आकृतीच्या तासाला, उपयोगी पडेल.